निकोडेमस, कॅन्सस
कोणीतरी म्हटलंय की जिथे साधी नगरपालिकाही नाही त्या वस्तीला कसला आलाय इतिहास, तर मला हे अजिबात पटत नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं निकोडेमस हे गाव बघा ना. १८७७ मध्ये केंटकी राज्यातून गुलामीतून सुटलेली काळी माणसं तिथे आली, झाडं नाहीत, लाकूड नाही, म्हणून जमिनीतच खड्डे खणून राहिली. त्यांच्यातलीच एक, विलियाना हिकमन, पोचली तेव्हा घरं कुठेच दिसेनात, नुसता जमिनीतून धूर येत होता, ते बघून ती रडलीच बिचारी! पुढे १८८८ ला रेल्वे गावाला वळसा घालून गेली आणि दुकानदार उठून रेल्वेच्या बाजूला गेले, खरा घाव तोच. तरी गाव पुसलं गेलं नाही, अजून दर जुलैला बाहेर गेलेली कुटुंबं तिथे जमतात.