मदत हवी आहे: रॉड टाकून सहा महिने होत आले, हाड जुळत नाही. स्क्रू काढायचा की पुन्हा मोठं ऑपरेशन?

मोरपंखी
घाईत लिहितेय, पाल्हाळ लावत नाही. धाकट्या भावाच्या पायात रॉड टाकला त्याला सहा महिने होत आले. परवाच्या एक्स-रेत मोडलेल्या जागी अजून काळी रेघ दिसते. आमचे डॉक्टर म्हणतात, वरचा एक स्क्रू काढू, म्हणजे चालताना हाडावर दाब येईल आणि ते जुळेल, काम छोटं आहे. दुसरीकडे दाखवलं तर ते म्हणाले, नुसता स्क्रू काढून काही होणार नाही, रॉड बदलून जाड घालावा लागेल, कदाचित कमरेचं हाड काढून तिथे भरावं लागेल. दोघंही अनुभवी. आता आम्ही कोणाचं ऐकायचं? सोमवारी होकार-नकार कळवायचा आहे. स्क्रू काढून खरंच हाड जुळतं का, ज्यांनी हे भोगलंय त्यांनी सांगा. एक्स-रेचा फोटो जोडला आहे.

पायवाट
कोणतं हाड? मांडीचं की नडगीचं? वरच्या भागात, मधोमध की घोट्याजवळ? भावाचं वय? मधुमेह आहे का? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

मोरपंखी
नडगीचं. फोटोत दिसतंय की. मधल्या भागाच्या जरा खाली. वय ३१, मधुमेह वगैरे काही नाही. प्रश्न एवढाच आहे की स्क्रू काढायचा की नाही.

शिरीषफूल
ड जीवनसत्त्व तपासलंत का? नसेल तर बाकी सगळं थांबवा आणि आधी ते करा. माझं मनगट मोडलं होतं तेव्हा कोणी बघितलंच नाही, मीच हट्टाने तपासून घेतलं तर पातळी तळाला गेलेली. गोळ्या सुरू केल्या आणि पुढच्या एक्स-रेत हाड धरलेलं दिसलं. डॉक्टर लोक स्क्रू आणि रॉडच्या पलीकडे बघतच नाहीत.

गोगलगाय
शिरीषफूल, मनगटाचं हाड बहुतेक वेळा पाच-सहा आठवड्यांत आपणहून धरतं, ते गोळ्यांनीच धरलं असं कशावरून? कमतरता असेल तर भरून काढावी हे बरोबरच. पण सहा महिने अडलेली नडगी आणि मनगट यांची बरोबरी करू नका. नडगीच्या पुढच्या बाजूला कातडीखाली लगेच हाड आहे, स्नायूंचं आवरण नाही, रक्तपुरवठा आधीच बेताचा. खालच्या भागात तर आणखी कमी.

खडूफळा
अल्ट्रासाउंडचं मशीन वापरा! सोनोग्राफीचं नाही, हाड जुळवण्यासाठी वेगळं येतं. रोज वीस मिनिटं मोडलेल्या जागेवर लावून बसायचं. चिरफाड नाही, भूल नाही. माझ्या साडूंनी वापरलं, आज ते जिने चढतात. ऑपरेशनच्या आधी हे करून बघायलाच हवं.

अस्थिपंजर
मी ऑर्थोपेडिक्समध्ये काम करतो. खडूफळा, तुमचा हेतू चांगला आहे, पण याची नीट चाचणी झालेली आहे आणि तीही नेमकी याच प्रकारच्या रुग्णांवर: नडगी मोडलेली, आत रॉड. 'ट्रस्ट' नावाच्या चाचणीत ५०१ रुग्ण होते, निष्कर्ष २०१६ साली छापून आले. निम्म्यांना खरं मशीन, निम्म्यांना तसंच दिसणारं पण बंद मशीन. ना हाड लवकर जुळलं, ना माणूस लवकर कामाला लागला. साडूंचं हाड जुळलं याचा आनंद आहे, पण मशीन नसतं तरी ते जुळलं असतं अशीच शक्यता जास्त. या मशीनपायी मोरपंखींचे आणखी तीन महिने जाऊ नयेत असं मनापासून वाटतं.

मोरपंखी, तुम्ही एकच फोटो टाकला आहे, समोरून काढलेला. बाजूने काढलेली फिल्म हवी. समोरच्या फिल्ममध्ये हाडाच्या फक्त आतल्या आणि बाहेरच्या भिंती दिसतात. पुढची आणि मागची भिंत दिसायला बाजूचीच फिल्म लागते. चारपैकी तीन भिंतींवर नवं हाड पुलासारखं आरपार गेलेलं दिसलं तर हाड जुळलं असं आम्ही धरतो. अर्धीच माहिती असताना 'जुळत नाही' म्हणणंही घाईचं ठरेल.

आणि ही उत्तरं द्या:
मोडलं तेव्हा हाडाच्या जागी जखम होती का?
तंबाखू, सिगारेट?
पाय टेकवतो का? टेकवल्यावर नेमकं कुठे दुखतं?
नंतर जखमेतून कधी काही आलं का?

खडूफळा
एका चाचणीने सगळं ठरत नसतं. ज्यांना फायदा झाला ते खोटं बोलतात का?

गोगलगाय
खोटं कोण म्हणालं? बंद मशीनवाल्यांचीही हाडं जुळलीच ना. त्यांनाही वाटलं असेल की मशीनने जुळलं. त्यासाठीच तर दोन गट करतात.

कवडसा
रॉडमुळे पुढे एमआरआय करता येणार नाही अशी भीती कोणाला असेल तर सांगते, करता येतो. हल्लीचे रॉड बहुतेक टायटॅनियमच्या मिश्रधातूचे असतात, चुंबक त्यांना ओढत नाही. फक्त धातूच्या आसपासचं चित्र बिघडतं. करण्याआधी तिथल्या माणसाला सांगायचं आणि ऑपरेशनचा कागद दाखवायचा. विमानतळावर मशीन वाजलंच तर हाताने तपासतात, घाबरायचं कारण नाही.

मोरपंखी
कवडसा, धन्यवाद, पण सध्या तो प्रश्न नाही.

अस्थिपंजर, बाजूची फिल्म आता जोडली आहे. गाडीवरून पडला तेव्हा नडगीवर जखम होती, हाडाचं टोक थोडं दिसत होतं, त्याच रात्री धुऊन रॉड टाकला. सिगारेट ओढतो, दिवसाला पाच-सहा, पण पूर्वीपासून ओढतो, त्याचा हाडाशी काय संबंध? एका काठीने चालतो, पूर्ण वजन टाकलं की मोडलेल्या जागीच ठणकतं. मध्ये एकदा जखमेच्या खालच्या टोकातून पाण्यासारखं येत होतं, गोळ्या दिल्या, थांबलं. ते तर केव्हाच बरं झालं.

पायवाट
हे सगळं पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं.

उंबरठा
आता माझं ऐका. जखम, पाणी आणि न जुळणारी नडगी या तिन्हीवर एकच इलाज आहे, इलिझारोव नावाच्या सोव्हिएत डॉक्टरची पद्धत. बाहेरून रिंगा, आरपार तारा, आत रॉड नाही, स्क्रू नाही. सायबेरियातल्या कुर्गानमध्ये बसून त्या माणसाने १९५०च्या दशकात हे उभं केलं आणि पश्चिमेकडच्यांनी वर्षानुवर्षं तिकडे बघितलंही नाही. मग १९८० साली कार्लो मौरी नावाचा इटलीचा गिर्यारोहक तिकडे गेला. जुनं फ्रॅक्चर, धड न जुळलेली नडगी, पाय आखूड झालेला. तो सरळ पायाने परत आला तेव्हा त्याच्या देशातले डॉक्टर थक्क झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी इलिझारोवना व्याख्यानाला बोलावलं. माझ्या वडिलांचा पाय याच रिंगांनी वाचला. पाना घेऊन नट मीच फिरवायचो, एका वेळी पाव मिलिमीटर, दिवसातून चारदा.

अस्थिपंजर
उंबरठा, पद्धत थोर आहे, वाद नाही. पण ते नट फिरवणं हाडाचा तुकडा गेलेला असतो किंवा पाय लांबवायचा असतो तेव्हा. इथे हाड जागेवर आहे, लांबी बरोबर आहे. आज रिंगांवर जायचं कारण दिसत नाही. जंतुसंसर्ग पक्का झाला तर मात्र त्यांचा विचार होऊ शकतो.

उंबरठा
पाणी येत होतं असं त्यांनीच लिहिलंय. आणखी काय पक्कं व्हायचं?

अस्थिपंजर
नेमकं तेच तपासायचं आहे, गृहीत धरायचं नाही. मोरपंखी, जरा सविस्तर लिहितो. हे तुमच्या डॉक्टरांशी बोलण्यासाठी आहे, त्यांच्याऐवजी नाही.

तुमचे दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात. रॉडच्या वर आणि खाली स्क्रू असतात, ते हाडाला रॉडशी जखडतात. एका बाजूचे स्क्रू काढले, किंवा लांबट भोकातला एकच ठेवला, तर पाय टेकवताना हाडाची दोन टोकं एकमेकांवर दाबली जातात. मोड आडवा असेल, टोकं समोरासमोर असतील आणि नवं हाड यायला लागलेलं असेल, तर हे छोटं काम खूप उपयोगी पडतं. याला डायनामायझेशन म्हणतात.

तुमच्या फिल्ममध्ये मोड आडवाच आहे. पण नडगीशेजारचं बारीक हाड बघा, फिब्युला. तेही मोडलं होतं आणि ते कधीच जुळलं आहे, जाडजूड गाठ दिसते. तेच आता टेकूसारखं उभं आहे. वरचा स्क्रू काढला तरी तो टेकू नडगीची टोकं जवळ येऊ देणार नाही. तुमचे दुसरे डॉक्टर 'स्क्रू काढून काही होणार नाही' म्हणाले ते बहुधा यावरून. विचारून बघा.

बाजूच्या फिल्ममध्ये मागच्या भिंतीवर पूल आलेला दिसतो, पुढे फट आहे. समोरच्या फिल्ममध्ये दोन्ही कडांना नवं हाड आलंय पण पलीकडे पोचलेलं नाही. म्हणजे हाड प्रयत्न करतंय. जिथे हाड अजिबात प्रयत्न करत नाही, टोकं पेन्सिलीसारखी निमुळती होतात, तिथे कमरेचं हाड भरावं लागतं. इथे ती वेळ न येण्याची शक्यता आहे. रॉड काढायचा, पोकळी किमान एक मिलिमीटरने रुंदवायची आणि जाड रॉड घालायचा. त्या खरवडण्यातून निघालेला हाडाचा भुगाच तिथे खतासारखा उपयोगी पडतो. फिब्युलाचा छोटा तुकडा काढायचा की नाही ते सर्जन ठरवतील.

पण या सगळ्याच्या आधी संसर्ग. उघडी जखम आणि नंतर पाणी येणं, ही गोष्ट दुसऱ्या डॉक्टरांना सांगितलीत का? हाडाजवळचा संसर्ग महिनोन्महिने गप्प बसतो. ताप नाही, पू नाही, फक्त हाड जुळत नाही. रक्ताचे सीआरपी आणि ईएसआर करून घ्या, शरीरात सूज किंवा संसर्ग असेल तर हे आकडे वाढतात. ते बरोबर आले तरी संसर्ग नाहीच असं ठामपणे म्हणता येत नाही, म्हणून ऑपरेशनच्या वेळी आतल्या मांसाचे आणि हाडाचे वेगवेगळ्या जागचे नमुने लॅबला पाठवतात, साधारण पाच. त्याआधी घरात पडलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नका. जंतू असूनही मग लॅबमध्ये वाढत नाहीत आणि निदान हुकतं.

फट किती उरली आहे हे पक्कं कळायला सीटी स्कॅन मागा. रॉडमुळे चित्रात रेघा येतात, पण त्या कमी करण्याची सोय हल्लीच्या मशीनमध्ये असते.

सिगारेटचा संबंध थेट आहे. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि नवं हाड रक्ताशिवाय तयार होत नाही. कोणतंही ऑपरेशन केलं तरी सिगारेट चालू ठेवून ते वाया जाऊ शकतं. ठणक्यासाठी तो कोणत्या गोळ्या घेतो तेही डॉक्टरांना सांगा.

गोगलगाय
अस्थिपंजर यांना अनुमोदन. आणखी एक. सहा महिने म्हणजे हरलो असं नाही. अमेरिकेच्या एफडीएच्या (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) व्याख्येत नऊ महिने झालेले आणि शेवटचे तीन महिने काहीच प्रगती नाही, तेव्हा 'न जुळलेलं' म्हणतात. उघड्या जखमेच्या नडगीला तसाही वेळ लागतो.

अस्थिपंजर
खरं आहे. १,२२६ रुग्णांच्या नडगीच्या एका मोठ्या चाचणीत, 'स्प्रिंट', २००८ सालची, फट लहान असेल तर सहा महिन्यांच्या आत पुन्हा हात लावायचा नाही असा नियमच केला होता. घाईने केलेली बरीच ऑपरेशनं त्यामुळे टळली असं दिसतं. फक्त ज्याला पाणी आलं होतं त्याला नुसतं थांबायला सांगणं मला पटत नाही.

शिरीषफूल
म्हणजे ड जीवनसत्त्व कोणी तपासणारच नाही का?

अस्थिपंजर
तपासा की. त्याच रक्तात होईल. कॅल्शियम आणि थायरॉइडही बघून घ्या.

मोरपंखी
दुसऱ्या डॉक्टरांना पाण्याचं सांगितलं नव्हतं, त्यांनी फक्त फिल्म बघितली. आमच्या डॉक्टरांनीच तेव्हा गोळ्या दिल्या होत्या, म्हणून त्यांच्या लक्षात असेल असं आम्ही धरून चाललो. मग सोमवारी काय सांगू? होकार की नकार?

पायवाट
दोन्ही नाही. आधी तपासण्या, मग निर्णय असं सांगा. आणि पहिल्या ऑपरेशनचा कागद मागून घ्या. रॉडची जाडी, लांबी, कंपनी त्यात लिहिलेली असते. रॉड काढायचं हत्यार त्या त्या कंपनीचं वेगळं असतं. ते हाताशी नसेल तर काम ऑपरेशन टेबलावरच अडतं, आमच्याकडे अडलं होतं.

मोरपंखी
सोमवारचं कळवते. फिब्युलाचं विचारल्यावर डॉक्टर जरा थांबले, फिल्म पुन्हा लाइटवर लावली आणि 'हो, हे अडवू शकतं' म्हणाले. पाण्याचं त्यांच्या जुन्या नोंदीत होतं. स्क्रू काढायचा बेत सध्या मागे ठेवला आहे. सीआरपी थोडा वाढलेला आला, ईएसआर बरोबर. ड जीवनसत्त्व खरंच कमी निघालं, शिरीषफूल, गोळ्या सुरू झाल्या. सीटी गुरुवारी आहे. रॉड बदलावा लागला तर नमुने पाठवायचे हे त्यांनी आपणहून सांगितलं. नमुन्यात जंतू निघाले तर पुढे काय, ते मी विचारलं नाही. तेव्हा रॉड काढूनच टाकतात का?

अस्थिपंजर
नेहमीच नाही. काही वेळा आतून स्वच्छ करून अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा रॉड काही आठवडे ठेवतात आणि मग पक्का घालतात. काही वेळा उंबरठा म्हणतात त्या रिंगा. सीटीचा रिपोर्ट नको, त्याच्या चित्रांची सीडी मागा आणि ती दुसऱ्या डॉक्टरांना पाण्याच्या गोष्टीसकट दाखवा.

उंबरठा
रिंगांची वेळ आली तर मला व्यक्तिगत निरोप करा. तारांच्या तोंडाशी रोज स्वच्छता कशी करायची, उशी कुठे ठेवायची, पायजमा कसा उसवून शिवायचा, हे कोणी सांगत नाही. मी सांगेन.

मोरपंखी
नक्की करेन. सिगारेट आजपासून बंद म्हणाला आहे. निकोटीनच्या च्युइंगमवर राहिला तर चालेल का?

अस्थिपंजर
त्यातही निकोटीन असतंच, म्हणून पूर्ण सुटलं तर सर्वांत चांगलं. पण च्युइंगमशिवाय जमतच नसेल तर सिगारेटपेक्षा ते परवडलं, धुरातलं बाकीचं विष तरी टळतं. ऑपरेशनची तारीख ठरली की भूलतज्ज्ञांनाही हे सांगा.