इराण्याकडची खुर्ची की मांडवातली खुर्ची?

पानीकम_चाय:
गल्लीच्या टोकाचा इराणी गाशा गुंडाळत होता, तेव्हा एक खुर्ची पदरात पाडून घेतली. वाकवलेलं काळपट लाकूड, वेताची बैठक. नवरा म्हणाला, "एवढ्या पैशांत प्लास्टिकच्या चार आल्या असत्या." घरात वाजलं, म्हणून हा धागा.

व्हिएन्नाच्या मिखाएल टोनेटने १८५९मध्ये १४ नंबरची खुर्ची काढली. ही त्याच घराण्यातली. बीच नावाच्या झाडाच्या दांड्या वाफवायच्या, बाहेरच्या अंगाला लोखंडी पट्टी आवळायची म्हणजे वाकवताना तंतू फाटत नाहीत, मग साच्यात वाळवायच्या. अख्खी खुर्ची ६ भाग, १० स्क्रू, २ नट. सुटी करून रचली तर एका घनमीटरच्या खोक्यात ३६ मावतात! पाठ आणि मागचे दोन्ही पाय मिळून एकच दांडी. बोट फिरवून पाहिलं, कुठे सांधा लागत नाही.

यानंतर खुर्चीत नवं काही झालंच नाही, आणि प्लास्टिकची खुर्ची म्हणजे तर डिझाइनची हार, असं माझं मत. बोला.

मांडववाला_नाना:
ताई, हार कसली? १९७२ साली फ्रान्सच्या आंरी मासोनेने एकसंध प्लास्टिकची खुर्ची आणली. दोन मिनिटांच्या आत साच्यातून बाहेर. तुमच्या टोनेटने ६ भागांवर आणलं, याने एकावर. स्क्रूच नाही तर ढिला काय होणार?
आमचा पोऱ्या एकात एक घातलेल्या आठ खुर्च्या डोक्यावर घेऊन गच्चीवर चढतो. पाऊस आला, फडकं मारलं, पुन्हा पाहुणे बसले. तुमच्या वेताला हे जमेल?

वाकडी_करवत:
नानांना +१. टोनेट म्हणजे त्या काळचं प्लास्टिकच हो! कोरीव कामाला फाटा, कसबी सुताराचीही गरज नाही. बीचचं जंगल होतं तिथेच, मोराव्हियातल्या (आताच्या चेक देशातल्या) कोरिचानीला, कारखाना टाकला. १९३०पर्यंत १४ नंबरच्या सुमारे ५ कोटी खुर्च्या खपल्या. यात हळवं व्हायचं ते काय?
शिवाय १८६९ला पेटंटची मुदत संपली आणि याकोब व योझेफ कोन या बाप-लेकांसारखे कितीतरी जण तशाच खुर्च्या काढायला लागले. तुमची कुणाची आहे ते बैठकीखाली बघा, शिक्का असला तर कळेल.

खिळखिळे:
साफ असहमत. मेहुण्याच्या साखरपुड्यात माझ्या प्लास्टिकच्या खुर्चीचे मागचे पाय फाकले आणि मी गुलाबजामच्या वाटीसकट सतरंजीवर. (वजन विचारू नये.) नाना, त्या खुर्चीचं पुढे काय झालं? भंगार!
लाकडी खुर्चीचा स्क्रू पिळता येतो, दांडी बदलता येते, वेत पुन्हा विणून घेता येतो. आपल्याकडे सरकारी कचेऱ्यांत, रेल्वेत वेत विणायला अंध कारागीर असत, बोटांनी भोकं मोजत विणायचे. वस्तू दुरुस्त होते म्हणून एक कसब टिकतं. प्लास्टिकच्या खुर्चीभोवती कुणाचं कसब टिकलंय, सांगा.

मांडववाला_नाना:
तडा गेला तर सळी तापवून भोकं पाडतो आणि तारेने शिवतो. दोन सीझन आरामात जातात. हे कसब नाही का?
आणि हीच खुर्ची चाकांवर बसवून अमेरिकेतल्या एका इंजिनियरने, डॉन शेंडॉर्फरने, गरिबांसाठी व्हीलचेअर केली, फुकट वाटतात. स्वस्त आणि हलकी आहे म्हणूनच ना?

खिळखिळे:
व्हीलचेअरचं मान्य. शिवलेल्या खुर्चीवर मात्र तुम्ही आधी बसून दाखवा.

पानीकम_चाय:
करवत म्हणाले म्हणून खुर्ची उलटी करून टॉर्च मारला. शिक्काबिक्का काही नाही. चारातला एक स्क्रू नवा, चकचकीत. वेताची वीण म्हणून कौतुकाने नखाने खरवडून पाहिली, तर ती निघाली प्लास्टिकची. कुणीतरी कधीतरी बदललेली दिसतेय.
नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.