गाण्याच्या व्हिडिओतलं प्रेम आणि आपलं कोल्हापूर : तुमचे अनुभव लिहा

मराठी प्रेमगीतांच्या व्हिडिओंचं सध्या अमाप पीक आलंय. मी कॉलेजात शिकवते, त्यामुळे वर्गाबाहेर कानावर जे पडतं त्यात निम्मं हेच असतं. कुठलं गाणं ट्रेंडिंगला आलं, हिरोचा शर्ट कुठला, तो पुलावरचा शॉट कुठं घेतला. मला ही गाणी आवडतात, मुलांबरोबर बसून बघते. पण एक गोष्ट प्रत्येक वेळी टोचते. त्यातल्या पोरापोरींना बसायला जागा कायम मिळते. काचेच्या भिंतींचा कॅफे, मोकळी गच्ची, रिकामा रस्ता, आणि 'कुणाची गं तू?' म्हणून विचारायला कोणी येत नाही.

कोल्हापुरात प्रेमात पडलेल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न 'बसायचं कुठं?' हाच असतो. रंकाळ्यावर ओळखीचं कोणीतरी भेटतंच. राजारामपुरीत मावशी असते, विद्यापीठात काका नोकरीला असतात, पन्हाळ्याला जावं तर गल्लीतलीच सहल वर आलेली असते.

या व्हिडिओंमधून तुम्ही काय उचललं, तुमच्या आयुष्यात त्यातलं काय खरं निघालं, काय कधीच दिसलं नाही, ते लिहा. जुन्या केबलपासून आजच्या रीलपर्यंत सगळं चालेल. नाव नको असेल तर नुसता भाग आणि वय टाका.

शाहूपुरी, वय ४८

आमच्याकडे केबल आलं तेव्हा मी बारावीला होते. १९९५ साल. अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' तेव्हा दिवसातून कितीदा लागायचं. राजवाड्यातली राणी, तिच्यापुढं एकेक स्थळ येतं, तिला कुणीच पसंत पडत नाही, आणि शेवटी पेटीतून मिलिंद सोमण बाहेर येतो.

त्याच हिवाळ्यात आमच्या ताईचे बघण्याचे कार्यक्रम सुरू होते. पाहुणे यायच्या आधी आई टीव्ही बंद करून त्यावर भरतकामाचा रुमाल टाकायची आणि वर फुलदाणी ठेवायची. ताई पोह्यांचा ट्रे घेऊन त्याच टीव्हीसमोर बसायची. एका सासूबाईंनी तिला उठून दारापर्यंत चालायला लावलं होतं. त्या रात्री ताई मला म्हणाली, "त्या गाण्यात बघ, पुरुष उभे राहतात आणि ती बसून बघते."

पुढच्या एका स्थळाला घरात सगळ्यांचा होकार असताना ताईनं काकांसमोर सांगितलं, मुलगा मला पसंत नाही. आमच्या घरात हे वाक्य मुलीच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. गाण्यामुळं ती बोलली असं मी म्हणणार नाही, ती मुळातच धीट. पण निवडणारी बाई कशी दिसते, हे आम्ही दोघींनी पहिल्यांदा त्या चार मिनिटांत पाहिलं. आजच्या गाण्यात मला हेच सापडत नाही. मुलगा आधी बघतो, मग तिचा चेहरा दिसतो. तिला तो का आवडला, हे कधी कळतच नाही.

मंगळवार पेठ, वय ३२, कॅमेरा करतो

मी अल्बम साँगच्या शूटला कॅमेरा करतो. लोक विचारतात, सगळ्या गाण्यात तेच तेच कसं काय? त्यातलं बरंचसं पैशानं ठरतं, ते सांगतो.

गाणं चार मिनिटांचं, आणि शूट एक-दोन दिवसांत उरकायचं असतं. आईबाप दाखवायचे म्हटले की दोन कलाकार वाढले. त्यांचा मेकअप, जेवण, वर घराचं लोकेशन, घरात लायटी लावायच्या तर जनरेटर. त्यापेक्षा पोरगा-पोरगी मसाई पठारावर नेलेली परवडतात, उन्हाला भाडं नाही. कॅफे पण बऱ्याचदा फुकट मिळतो, मालकाचं एवढंच म्हणणं असतं की बोर्ड दिसला पाहिजे. म्हणून गाण्यातली जोडपी कॅफेत भेटतात. सतत चालत का असतात? गिंबलवर, म्हणजे हातातला कॅमेरा हलू न देणाऱ्या दांड्यावर, कॅमेरा असला की चालणाऱ्या माणसाचा शॉट झटपट आणि देखणा होतो. ट्रॉलीचे रूळ टाकायला माणसं लागतात.

स्लोमोशनचं ऐका. केस हळू उडतात आणि ओठ मात्र गाण्याला बरोबर बसतात, ते कसं? आम्ही सेकंदाला ५० फ्रेम घेतो आणि स्पीकरवर गाणं दुप्पट वेगानं लावतो. हिरोईन त्या चिरक्या आवाजावर भराभर ओठ हलवते. एडिटला ते २५ फ्रेमच्या वेगानं चालवलं की ओठ मूळ गाण्यावर येऊन बसतात. पन्हाळ्याच्या तटावर एका विरहगीताचं असं शूट चाललं होतं. शेजारी शाळेची सहल हसून लोळत होती. आणि त्या पोरीनं त्या किचकिचाटात, त्या वेगात, खरंखुरं डोळ्यांत पाणी आणलं. कोण म्हणतं ह्या पोरांना काम येत नाही? मी त्या पोरीला मानलं.

२०२० च्या जूनअखेर टिकटॉक बंद झालं, जुलैत इन्स्टाग्रामनं रील्स आणलं. तवापासून गाणं लिहिणाऱ्यालाच सांगतात, हुकलाईन, म्हणजे लोकांच्या तोंडात बसणारी ओळ, पहिल्या तीस सेकंदांत आण. मग व्हिडिओतबी नजरानजर, हसू, हातात हात, सगळं आधीच उरकायचं. रुसवा आणि समजूत काढायला जागाच उरत नाही. माझ्या मते प्रेमातली खरी मजा तिथं आहे.

आणि एक सलतं ते लिहितोच. रंकाळ्यावर शूट करायचं, पण शालिनी पॅलेस ओळखू आला नाही पाहिजे. 'सिटी लुक' पाहिजे असतो. एका प्रोड्युसरनं मला सांगितलं होतं, मागच्या गाडीची एमएच ०९ ची प्लेट फ्रेममध्ये येऊ देऊ नकोस, लोकांना गाणं पुण्या-मुंबईचं वाटलं पाहिजे.

खरी कॉर्नर, वय ७१

वरचं वाचून राहवलं नाही. मी स्टुडिओत लाईटमन होतो. बाबूराव पेंटरांनी कॅमेरा स्वतःच्या हातानं तयार केला तो ह्याच गावात. प्रभात फिल्म कंपनी १९२९ ला इथंच सुरू झाली, पुण्याला गेली नंतर. ज्या गावानं मराठी माणसाला सिनेमा दाखवला, त्या गावच्या गाडीची प्लेट लपवायची? भावा, पुढच्या वेळी प्लेट घे फ्रेममध्ये. ठसठशीत घे.

गगनबावडा रोड, वय २०

मी एसटीनं कॉलेजला येते. माझ्यासाठी कोल्हापूर हेच मोठं शहर.

व्हिडिओतली मुलगी केस मोकळे सोडून बुलेटवर मागं बसते. आमच्यात कोणी तशी बसत नाही. आधी स्कार्फ केसांवरून, मग नाकावरून, टोकं मागं नेऊन गच्च गाठ. वर गॉगल, अंगात सनकोट. घरी आम्ही ऊन आणि धूळ सांगतो आणि ते खोटं नाही. दुसरं कारण सगळ्या गावाला माहीत आहे. स्कार्फ बांधला की मी कोणाची तरी मुलगी, कोणाची तरी पुतणी राहत नाही, रस्त्यानं जाणारी एक मुलगी होते. तेवढ्या वेळापुरतं मला व्हिडिओतल्या मुलीसारखं मोकळं वाटतं. पण एकाही गाण्यात मी स्कार्फ पाहिलेला नाही.

आमचं सगळं बोलणं प्रॅक्टिकल सुटल्यापासून रंकाळा स्टँडला गाडी लागेपर्यंतच्या वेळात होतं. ती गाडी चुकली की घरून फोन सुरू. तो पोलीस भरतीची तयारी करतोय. मी रोज पहिलं हेच विचारते, १६०० मीटर किती मिनिटांत आलं? काही सेकंद कमी झाले की तो हातानं दाखवतो, लांबूनच, आणि मला गर्दीतून कळतं. गाण्यातल्या मुलाला कधी भरती नसते, बॅकलॉग नसतो, आईच्या शुगरच्या गोळ्या आणायच्या नसतात. हे सगळं आहे म्हणून आमचं प्रेम कमी सुंदर आहे असं मला वाटत नाही. ते कोणी दाखवत नाही याचं वाईट वाटतं.

नागाळा पार्क, वय २५

कॅफेचा विषय निघाला म्हणून. आम्ही जायचो त्या कॅफेत काचा नव्हत्या, प्लायवूडचे कप्पे आणि पडदे होते. आम्ही दोघंही सज्ञान, दोघंही नोकरी करणारे, समोर कोल्ड कॉफी आणि सँडविच. तपासणीला आलेल्यांनी पडदा बाजूला केला, नावं लिहून घेतली आणि माझ्या घरी फोन लावायला सांगितला. त्याच्या घरी लावा असं कोणी म्हणालं नाही. बाबा शांतपणे येऊन घेऊन गेले, रस्ताभर एक शब्द नाही. तेव्हापासून गाण्यात काचेचा कॅफे दिसला की मी त्या जोडप्याच्या मागच्या टेबलांकडं बघते. तिथं बसलेली माणसं आपापलं खात असतात, मान वळवून कोणी बघत नाही. मला त्या हिरोईनचे कपडे नकोत, ती मागची टेबलं पाहिजेत.

नाव-गाव नको, वय २३

मला बसायला जागा कायम मिळाली. आम्ही दोघं मुलगे. रंकाळ्याच्या कठड्यावर एकमेकांच्या गळ्यात हात टाकून बसलं तरी इथं कोणाला काही वाटत नाही, दोस्त दोस्त म्हणून भेळवाला आणखी शेव टाकतो. जागा भरपूर आहे, गाणं नाही. प्रत्येक प्रेमगीत ऐकताना 'ती' च्या जागी मनात 'तो' घालून ऐकायची सवय झालीय. २०१८ साली सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, आमचं प्रेम गुन्हा नाही असा, तेव्हा मी शाळेत होतो. मराठीत आमच्यावर एक साधं गाणं यावं, पावसातलं, दोन छत्र्यांचं. एवढंच लिहायचं होतं. इथं लिहिता आलं, बरं वाटलं.

*(धागाकर्ती : तुम्ही लिहिलंत याचा मला फार आनंद झाला. इथं कोणीही तुमची ओळख विचारणार नाही.)*

शिवाजी पेठ, वय ५५

मी तालमीत वाढलेला माणूस. थोरलीचं रंकाळ्यावर केलेलं एक रील मला गल्लीतल्या पोरानं मोबाईलवर दाखवलं. ड्रेस साधा, गाणं चांगलं, पोरगी हसतेय. त्यात वावगं काही नव्हतं. खाली लोकांनी जे लिहिलं होतं, ते वाचून हात थरथरले. घरी येऊन तिला दाखवलं. ती म्हणाली, "बाबा, ते मी वाचत नाही, पुसून टाकते. तुम्ही नाचणं बघितलं का?" मग तिनं ते कसं बसवलं ते सगळं सांगितलं, कुठल्या ठेक्यावर पाऊल, कुठं वळायचं. मला डाव-पेचाचं कळतं, त्यामुळं तिचं पायाचं काम कळलं. माझं मन अजून पूर्ण तयार नाही. पण शरम लिहिणाऱ्यांना वाटायला पाहिजे, तिनं का म्हणून मान खाली घालायची?

कसबा बावडा, वय ३३

गाणी लग्नाच्या मांडवात संपतात, म्हणून मांडवापर्यंतचा रस्ता लिहिते. आमची जात वेगळी. ज्या गावात शाहू महाराजांनी १९१९ साली आंतरजातीय लग्नाला कायद्याचा आधार दिला, त्याच गावात माझ्या आत्यानं मला विचारलं, "आपल्यात पोरं मेली होती काय?"

विशेष विवाह कायदा १९५४ चा. त्यात ३० दिवसांची नोटीस असते. दोघांची नावं, पत्ते, सगळं कार्यालयाच्या बोर्डावर लागतं. व्हिडिओत या महिन्याला शॉट नाही. तो महिनाभर कामावर जाता-येता बोर्ड बघून यायचा, कोणी कागद फाडला नाही ना, कोणी उभं राहून वाचतंय का. मी घरी रोज भाकरी थापत होते आणि प्रत्येक फोनच्या रिंगला दचकत होते. भावाला आधीच कळलं होतं. तो काही बोलला नाही. शेवटच्या आठवड्यात मात्र माझ्या खोलीत येऊन म्हणाला, साक्षीदार तीन लागतात ना, दोनच आहेत असं ऐकलंय.

तिसरी सही त्याची आहे. मला कोणी गाणं करायला सांगितलं तर मी त्या वाक्यावर करीन.

मंगळवार पेठ, कॅमेरावाला, पुन्हा

बावड्याच्या ताई, हे वाचून अंगावर काटा आला. आणि गगनबावडा रोडच्या ताईंना सांगायचं होतं, स्कार्फचं मी डोक्यात घेतलंय. पुढच्या महिन्यात एक गाणं आहे, स्टँडवर घ्यायचं चाललंय. अडचण अशी की प्रोड्युसर हिरोईनच्या चेहऱ्याचे पैसे मोजतो. त्यामुळं पहिल्या शॉटला स्कार्फ, मग तो बघतो आणि ती सोडते, अशी एंट्री केली तर चालेल का?

गगनबावडा रोड, वय २०

दादा, स्टँडवर कुठली मुलगी स्कार्फ सोडते? गाडीत खिडकीजवळ बसून, गाडी फुलेवाडीच्या पुढं गेली की सोडतात. तो शॉट तिथं घ्या, तेव्हा तो तिथं नसतो. आणि स्टँडवर डोळे दिसतात की. चांगली काम करणारी असेल तर तेवढ्यात सगळं करेल. भरतीचे शूज पण घ्या, चिखल लागलेले.