तुमची गाडी नागपुरात कशी टिकली? अनुभव सांगा

पुढच्या महिन्यात गाडी घ्यायची आहे. शोरूममधला पोरगा स्क्रीन केवढी, सनरूफ केवढं, गाडी स्वतःच ब्रेक कशी मारते, हेच सांगत बसतो. नवतपात, मे अखेरच्या त्या नऊ तापट दिवसांत, एसी कसा चालतो विचारलं की गप्प. म्हणून इथे विचारतोय. कोणती गाडी भरवशाची निघाली, कशाचा पश्चात्ताप झाला, आणि आपोआप चालणाऱ्या गाडीवर विश्वास बसतो का? कंपन्यांची नावं नकोत, भांडणं होतात.

धरमपेठ
दोष गाडीचा नाही, माझ्या घाईचा. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला. आमच्या बेसमेंटमध्ये बोनेटपर्यंत पाणी. पाणी उतरल्यावर मी सेल मारला. एकदाच. खट् आवाज आला आणि संपलं. मेकॅनिकने नंतर समजावलं, हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉडच वाकतो. हात लावला नसता तर पाणी काढून, ऑइल-फिल्टर बदलून बहुधा भागलं असतं. विम्यातलं 'इंजिन प्रोटेक्ट' मी चार पैसे वाचवायला काढून टाकलं होतं, तेही त्याच दिवशी आठवलं. शेजारच्या काकांची जुनी गाडी तेवढ्याच पाण्यात होती. त्यांनी चावीच लावली नाही, टोचन करून गॅरेजला नेली. अजून चालते.

मानेवाडा
पोट्ट्याईच्या हट्टापायी सनरूफ घेतलं बावा. मे महिन्यात पडदा सरकवला तरी डोकं तापते. आता वरून ओला टॉवेल टाकतो, लोकं हसतात. सीटही काळ्या. बेल्टच्या बक्कलचा असा चटका बसते की बायको हातरुमाल धरून बेल्ट लावते. आन् बॅटरी? दोन उन्हाळे काढते, तिसऱ्यात हात वर.

प्रतापनगर
माझी तक्रार स्क्रीनची. लग्नाला गेलो होतो, गाडी तीन तास उन्हात. परत आलो तर स्क्रीन तापून काळी, आणि एसीचा पंखा त्याच स्क्रीनच्या आत! आधीच्या गाडीत एक गोल बटण होतं, न बघता फिरवायचो. गाड्यांची सुरक्षितता तपासून गुण देणाऱ्या युरोपातल्या युरो एनकॅपने 2026 पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर असल्या गोष्टींना खरी बटणं असतील तरच पूर्ण गुण, असं ठरवलंय. त्या यादीत एसी नाही. त्यांना आपला मे कुठे ठाऊक!

टॅक्सीवाला, सीताबर्डी
2017 मध्ये नागपुरात इलेक्ट्रिक टॅक्सी सुरू झाल्या, त्यातली एक चालवली. गाडी गुणी. पण चार्जिंगची रांग एवढी, की धंद्याची वेळ रांगेतच जायची. सोडली. आता पुन्हा इलेक्ट्रिकच आहे, पण घरी चार्ज करतो.

हिंगणा रोड
एडास, म्हणजे स्वतः ब्रेक मारणारी, अंतर राखणारी ती मदतनीस यंत्रणा, तिच्यावर माझं मत दोन तुकड्यांत आहे. शिवमडका सोडून समृद्धी महामार्गाला लागलो की मजा. रेषा ठळक, 120 ची मर्यादा, गाडी पुढच्या ट्रकमागे अंतर राखून चालते. हात मात्र स्टीअरिंगवरच. या यंत्रणेची पायरी लेव्हल 2, म्हणजे जबाबदारी चालवणाऱ्याचीच. शहरात शिरलो की तेच यंत्र वेडं होतं. रस्त्यात बसलेली गाय, उलट्या बाजूने येणारा ई-रिक्षा, नुसतं टींटीं. एकदा रिक्षा आडवा आला, गाडीने स्वतःच कच्चकन ब्रेक मारला आणि मागून स्कुटीवाला आदळला. त्याला काय सांगू, मी नाही, गाडीने मारला? त्या दिवसापासून शहरात बंद.

टेस्लाने ऑक्टोबर 2016 मध्ये सांगितलं होतं, यापुढच्या प्रत्येक गाडीत पूर्ण स्वयंचलित चालण्याचं हार्डवेअर असेल. 2017 अखेर लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कपर्यंत गाडी आपली आपण जाणार होती. पुढे त्याच 'पूर्ण स्वयंचलित' सोयीच्या नावात 'देखरेखीखाली' हा शब्द आला. दहा वर्षांत एवढीच प्रगती झाली असं नाही, पण आगाऊ पैसे भरणाऱ्याला तो शब्द आधीच दिसायला हवा होता.

महाल
आपले गडकरी 2023 मध्ये इथेच आयआयएममध्ये म्हणाले होते, चालकविरहित गाड्या भारतात येऊ देणार नाही, चालकांचा रोजगार जाईल. मला रोजगाराआधी महालातल्या गल्ल्या आठवल्या.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. शोरूमला फोन केला. टेस्ट ड्राइव्ह दुपारी दोनला हवी, आणि गाडी सकाळपासून उन्हात उभी ठेवा, असं सांगितलं. पोरगा म्हणाला, "सर, उन्हात कशाला?"