लॅपटॉपची हार्ड डिस्क मोठी करणे : अनुभव लिहा (ठाणे-नवी मुंबई)

ठाणे-कळव्यापासून ऐरोली, वाशी, बेलापूरपर्यंत कितीतरी घरांत आठ-दहा वर्षांपूर्वीचे लॅपटॉप अजून वापरात आहेत. प्रोसेसरला काही झालेलं नाही, पण ५०० जीबीची डिस्क गच्च भरलेली. अशा मशीनची डिस्क ज्यांनी बदलली आहे त्यांनी इथे, वर आपलं टोपणनाव टाकून, लिहावं. कुठे किती स्वस्त मिळालं यापेक्षा कोणता भाग लागतो, क्रम काय ठेवायचा, कुठे अडतं आणि का, हे लिहिलंत तर वाचणाऱ्याचे पैसे वाचतील.

सुरुवात मी करतो. सर्वात आधी जाडी बघा. अडीच इंची डिस्क जुन्या मशीनमध्ये ९.५ मिलिमीटरची असते, नंतरच्या मशीनमध्ये ७ मिलिमीटरची. ७ ची डिस्क ९.५ च्या खणात बसते, फक्त अडीच मिलिमीटरची चौकट चिकटवावी लागते, नाहीतर ती कनेक्टरवर हलत राहते. उलटं जमत नाही. ऑनलाइन ४ आणि ५ टीबीच्या अडीच इंची डिस्क दिसतात, त्या १५ मिलिमीटर जाड असतात. त्या लॅपटॉपसाठी नाहीतच. ७ मिलिमीटरमध्ये फिरती डिस्क २ टीबीपर्यंत मिळते, पण तिच्यात बहुधा एकावर एक सरकवलेले ट्रॅक असतात. मोठी फाइल लिहायला घेतली की तिचा वेग कोसळतो. विंडोज चालवायला ती घेऊ नका, एसएसडीच (फिरता भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) घ्या.

आणि १ टीबी घेतल्यावर विंडोज ९३१ जीबी दाखवतं म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

मासुंदा

एम.२ हे फक्त आकाराचं नाव आहे, हे आधी डोक्यात पक्कं करा. त्याच आकारात साटा (जुन्या डिस्कला असते तीच जोडणी) एसएसडीही येते आणि एनव्हीएमई (नवी, जास्त वेगवान जोडणी) एसएसडीही. स्लॉट एकाच प्रकारचा असेल तर दुसरी बसते, पण दिसत नाही. दोन खाचांची पट्टी बहुतेक वेळा साटा, एका खाचेची बहुतेक वेळा एनव्हीएमई. तरी खाचेवर विसंबू नका, लॅपटॉपच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्या स्लॉटपुढे काय लिहिलंय ते वाचा. लांबीही बघा. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब. काही बारीक मशीनमध्ये २२४२ किंवा २२३० च बसते.

२०१४ च्या आधीच्या बहुतेक मशीनचा बायोस (मशीन सुरू होताना सर्वात आधी चालणारा मूळ प्रोग्राम) एनव्हीएमईवरून बूट करत नाही. त्यांना अडीच इंची साटा एसएसडी हाच सरळ मार्ग. तिचा वेग साधारण ५५० एमबी प्रति सेकंदाला अडतो, फिरत्या डिस्कचा शंभराच्या आसपास असतो. फरक कळायला तेवढं पुरे.

रिकाम्या स्लॉटचा स्क्रू कंपनी बऱ्याचदा देत नाही. एम२ मापाचा (म्हणजे २ मिलिमीटर जाडीचा, एम.२ शी संबंध नाही), ३ मिलिमीटर लांबीचा आधीच आणून ठेवा. छोट्या बॅटरीच्या मॉडेलमध्ये बऱ्याचदा अडीच इंची खण असतो, पण आतली चपटी केबल आणि ब्रॅकेट नसतं. ती मॉडेलच्या पार्ट नंबरनुसार वेगळी मागवावी लागते, दुसऱ्या मॉडेलची चालत नाही.

पारसिक

क्लोनिंगबद्दल, म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवण्याबद्दल, सविस्तर लिहितो, कारण गडबड तिथेच होते.

आधी जुन्या डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये ०५, सी५ आणि सी६ या ओळींची कच्ची किंमत (रॉ व्हॅल्यू) शून्य हवी. सी५ वाढलेली असेल तर डिस्कचे काही सेक्टर (साठवणीचे छोटे तुकडे) वाचले जात नाहीत, आणि साधं क्लोनिंग तिथे येऊन थांबतं. तेव्हा लिनक्सवरून डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम वापरा, नोंदीची फाइल ठेवून. ते आधी चांगला भाग उचलतं, मग खराब भागाकडे परत येतं, आणि मध्येच बंद पडलं तरी जिथे सोडलं तिथून पुढे सुरू होतं. फक्त सी७ वाढत असेल तर डिस्क बहुधा ठीक आहे, दोष केबलमध्ये किंवा कनेक्टरमध्ये आहे.

मग बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप (एन्क्रिप्शन). विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचं खातं वापरलं असेल तर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असू शकतं. ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, एन्क्रिप्शन बंद करा आणि डिक्रिप्ट पूर्ण होईपर्यंत थांबा. अर्ध्यावर क्लोन करू नका. एन्क्रिप्टेड पार्टिशन (डिस्कचा कप्पा) क्लोनझिला हा क्लोनिंगचा प्रोग्राम सेक्टरला सेक्टर उचलतो, रिकामी जागासुद्धा, आणि नंतर ते वाढवायला त्रास होतो.

मशीन बंद करताना शिफ्ट दाबून शटडाउन करा. नेहमीच्या शटडाउनमध्ये फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज अर्धवट झोपतं, आणि पार्टिशन अजून वापरात आहे म्हणून क्लोनझिला हात लावत नाही.

नवी एसएसडी यूएसबी ३ च्या अडॅप्टरवर लावा. ३०० जीबी डेटाला तासभर लागतो, कारण जुनी डिस्क त्याहून वेगाने वाचतच नाही. यूएसबी २ वर तेच काम अडीच तासांच्या घरात जातं. महावितरणचा देखभालीचा मेसेज आलेला असेल त्या दिवशी हे काम घेऊ नका. जुन्या लॅपटॉपची बॅटरी तेवढा वेळ धरेलच असं नाही.

क्लोन झाल्यावर मशीन बंद करा आणि जुनी डिस्क काढूनच पहिल्यांदा सुरू करा. दोन्हींची ओळख सारखी असते. दोन्ही जोडून सुरू केलं तर विंडोज एक ऑफलाइन टाकतं किंवा बूटची नोंद जुन्याच डिस्ककडे वळते.

शेवटी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जागा वाढवायला जाल तेव्हा एक्सटेंड व्हॉल्यूम हा पर्याय पुसट दिसेल. सी ड्राइव्हच्या लगेच पुढे रिकव्हरी पार्टिशन असतं आणि रिकामी जागा त्याच्या पलीकडे. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून जीपार्टेड या प्रोग्रामने ते पार्टिशन शेवटाकडे सरकवा, मग वाढवा. घाईत ते उडवू नका, विंडोज बिघडल्यावर दुरुस्तीचा पडदा तिथूनच येतो.

सेक्टर सतरा

पारसिक यांनी लिहिलंय ते बरोबर आहे, तरी ऑफिसच्या मशीनला मी क्लोनपेक्षा नवं विंडोज टाकायला सांगेन. सात-आठ वर्षांचा कचरा नव्या डिस्कवर कशाला न्यायचा? मूळ परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो, त्यामुळे डिस्क बदलली तरी तीच आवृत्ती टाकल्यावर विंडोज स्वतःच ॲक्टिव्हेट होतं.

मात्र आधी यादी करा. टॅलीचा परवाना सरेंडर करून ठेवा. टॅलीचा डेटा कोणत्या फोल्डरमध्ये आहे ते कंपनी निवडण्याच्या पडद्यावर दिसतं, तो फोल्डर उचला. आउटलुकची मेल साठवणारी पीएसटी फाइल डॉक्युमेंट्समध्ये असते, पण जुन्या आवृत्तीत ती लपलेल्या फोल्डरमध्ये असू शकते, शोधून काढा. जीएसटीसाठीच्या डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर परत टाकावा लागतो. डीटीपीवाल्यांनी फॉन्टचा फोल्डर आठवणीने घ्यावा. जुन्या मराठी फॉन्टमधली पत्रिका फॉन्ट नसेल तर नुसती चिन्हं दाखवते, आणि तोच फॉन्ट त्याच आवृत्तीत पुन्हा मिळणं सोपं नाही.

सानपाडा लोकल

नवं विंडोज टाकताना 'ड्राइव्ह सापडला नाही' असं आलं तर? एसएसडी तर बायोसमध्ये दिसते.

मासुंदा

इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढे हे फार होतं. बायोसमध्ये व्हीएमडी (इंटेलची डिस्क हाताळण्याची सोय) चालू असतं आणि विंडोजच्या पेनड्राइव्हमध्ये त्याचा ड्रायव्हर नसतो. कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या, उलगडून पेनड्राइव्हवर ठेवा आणि 'लोड ड्रायव्हर' करा. डिस्क कोरी असेल तर बायोसमध्ये व्हीएमडी बंद केलं तरी चालतं. एसरमध्ये तो पर्याय लपवलेला असतो, मेन टॅबवर कंट्रोल आणि एस दाबल्यावर दिसतो. आधीचं विंडोज चालू ठेवायचं असेल तर मात्र सरळ बंद करू नका, ते निळ्या पडद्यावर अडकतं.

बूट मेन्यूची बटणं : डेल आणि लेनोव्होला एफ१२, एचपीला एस्केप आणि मग एफ९, असुसला एस्केप. एसरला एफ१२, पण ते आधी बायोसमध्ये चालू करावं लागतं.

येऊर

झाकण उघडण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कागदावर लॅपटॉपचा तळ काढा आणि ज्या जागचा स्क्रू त्या जागी खोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला की वर कीबोर्डच्या बाजूला फोड येतो. रबरी पायांखाली आणि जुन्या मशीनमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह काढल्यावर त्याच्या खणात लपलेले स्क्रू बघा. झाकण अडलं तर जोर लावू नका, एक स्क्रू राहिलेला आहे.

कडेने जुनं प्लास्टिकचं कार्ड फिरवा, स्क्रूड्रायव्हर घालू नका. उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवण्याचं. पट्टी-केबलची काळी किंवा पांढरी कडी नखाने वर होते. ती न उचलता केबल ओढली की कनेक्टर मदरबोर्डवरून सुटतो, आणि ते काम मग घरी होत नाही.

खाडीलगतच्या इमारतींत, ऐरोली-वाशीकडे विशेषतः, दमट खारट हवेने कनेक्टरच्या पट्ट्या काळपट पडलेल्या दिसतात. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडाच्या टोकावर घेऊन पुसा, पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात दमटपणामुळे स्थिर विजेचा धोका कमी असतो, एसीच्या कोरड्या खोलीत जास्त. तरी हात लावण्याआधी धातूच्या नळाला स्पर्श करा.

ऐरोलीकर

खरेदीबद्दल थोडं. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजाराला ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जाता येतं, ठाण्याहून जाणाऱ्यांनी दादरला गाडी बदलावी, वाशीहून जाणाऱ्यांनी आधी कुर्ल्याला आणि मग दादरला. बिलावर एसएसडीचा सीरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीला तोच लागतो. साठवणीच्या पेशी टीएलसी (एका पेशीत तीन बिट) की क्यूएलसी (चार बिट) ते विचारा. सॅमसंगच्याच दोन १ टीबी साटा एसएसडी बघा : टीएलसीच्या ८७० इव्होला ६०० टीबी लिहिण्याची हमी आहे, क्यूएलसीच्या ८७० क्यूव्हीओला ३६०. क्यूव्हीओ सलग ४२ जीबी लिहून झाल्यावर सुमारे ८० एमबी प्रति सेकंदावर येते, म्हणजे क्लोनिंगच्या मध्येच. फोटो साठवायला चालेल, रोजच्या कामाला टीएलसी घ्या.

हजार-दीड हजारात १६ टीबीची एसएसडी दिसली तर ती खोटी आहे, आतल्या चिपला आकडा खोटा सांगायला शिकवलेलं असतं. शंका असेल तर एच२टेस्टडब्ल्यू या तपासणीच्या प्रोग्रामने पूर्ण भरून वाचून बघा, परत करण्याची मुदत संपायच्या आत.

मुलुंड चेकनाका

मॅकबद्दल : २०१२ च्या रेटिना पडदा नसलेल्या १३ इंची मॅकबुक प्रोमध्ये डिस्क बदलता येते, टी६ टॉर्क्स (सहा टोकांच्या ताऱ्यासारखा) स्क्रूड्रायव्हर लागतो. त्यात डिस्कची चपटी केबल वारंवार खराब होते. नवी एसएसडी अडखळली तर आधी केबल बदला. अलीकडच्या मॅकबुकमध्ये स्टोरेज बोर्डवर सोल्डर केलेलं असतं, तिथे बाहेरची एसएसडीच.

पारसिक

जुन्या डिस्कचं काय करायचं तेही लिहितो. निदान महिनाभर तिला हात लावू नका. विसरलेली फाइल तेवढ्यात आठवते. तब्येत चांगली असेल तर यूएसबी ३ च्या डबीत घालून बॅकअपला वापरा. डबी यूएसबी २ च्या पोर्टला लावल्यावर टकटक आवाज करून बंद पडली तर वीज कमी पडते आहे, ते पोर्ट ५०० मिलिअँपिअरच देतं. कुणाला द्यायची असेल तर एकदा पूर्ण शून्याने भरा, फिरत्या डिस्कला तेवढं पुरतं. जुनी एसएसडी द्यायची असेल तर मात्र कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून सिक्युअर इरेज करा. वरून लिहिलेलं तिच्या राखीव पेशींपर्यंत पोहोचत नाही.