पायथन: फायनलीच्या आत कंटिन्यू, एका मशीनवर चालतं दुसऱ्यावर नाही

प्रश्न: फॉर लूपमध्ये ट्राय आहे आणि फायनलीत (ट्रायमध्ये काहीही झालं तरी शेवटी चालणारा भाग) फाईल बंद करून शेवटी कंटिन्यू (लूपच्या पुढच्या फेरीला जा) टाकलंय. लॅपटॉपवर पायथन ३.८ आहे तिथे मस्त चालतं, सर्व्हरवर ३.७, तिथे सरळ सिंटॅक्स एरर, प्रोग्रॅम सुरूच होत नाही. त्याऐवजी ब्रेक (लूप सोडून बाहेर पड) टाकला तर मात्र दोन्हीकडे चालतो! असं का?

उत्तर: ३.८ च्या आधी फायनलीतलं कंटिन्यू पायथनच्या कंपायलरलाच जमत नव्हतं. २०१९ मध्ये ३.८ आलं तेव्हा ते बंधन काढलं.

उत्तर: अहो पण चालतंय म्हणून ठेवू नका, प्लीज. ट्रायमध्ये एक्सेप्शन (प्रोग्रॅम चालताना आलेली चूक) आलं आणि फायनलीत कंटिन्यू लागलं की ते एक्सेप्शन गुपचूप गिळलं जातं, म्हणजे "१२अ" चं इंट (पूर्णांक) करायला गेलात तरी व्हॅल्यू एरर (किंमत चुकीची असल्याचं एक्सेप्शन) दिसणारच नाही, लूप आपला पुढच्या फेरीला. ट्राय चालू असताना प्रोग्रॅम थांबवायला कंट्रोल-सी दाबलंत तर तेही गायब, माझे दोन दिवस गेलेत यात. ब्रेक आणि रिटर्नचंही तेच, म्हणून तर ३.१४ पासून तिन्हींवर वॉर्निंग येते.

प्रश्नकर्ता: बापरे, म्हणजे माझ्या अशा "१२अ" सारख्या खराब ओळी अशाच गळत होत्या! मग कंटिन्यू कुठे टाकू?

उत्तर: एक्सेप्ट व्हॅल्यू एररमध्ये (ती चूक पकडणारा भाग), आधी ती ओळ लॉग करून, म्हणजे नोंदवून. फायनलीत फक्त फाईल बंद करा.