वकील मंडळी फुकट शिकवतात हो, पण शिकवतात काय?

नाना_ठाकूरद्वार
परवा इथेच एका वकीलसाहेबांची पोस्ट आली होती. संविधान दिनाला त्यांच्या ग्रुपने एका शाळेत उद्देशिकेचं वाचन घेतलं, मुलांना पेनं वाटली, सगळा खर्च पदरचा. इथपर्यंत छान. पण शेवटी टोमणा असा की लोकांना कोर्ट कसं चालतं तेच माहीत नसतं आणि म्हणून उगाच कोर्टाला नावं ठेवतात. रात्री जेवून पोस्ट वाचली आणि झोपच उडाली.

अहो साहेब, आमच्या घरात आजोबांपासून कोर्ट आहे. पागडीची खोली, धोबीतलावचं स्मॉल कॉजेस, म्हणजे मालक-भाडेकरूंच्या भांडणांचं कोर्ट. माझ्या आईला पक्षकार, कैफियत, तहकुबी हे शब्द पाढ्यांसारखे पाठ आहेत. आम्हाला कोर्ट कळत नाही असं नाही, आमचा वकील काय करतोय ते कळत नाही. वडिलांना आमचे आधीचे वकील दर तारखेनंतर सांगायचे, जज रजेवर होते, पुढची तारीख पडली. वडील बिचारे मान डोलवायचे. मग भाच्याने एका रविवारी मोबाईलवर ई-कोर्ट्सचं अ‍ॅप उघडलं, जुन्या कागदावरून तो १६ अक्षरा-आकड्यांचा सीएनआर नंबर, म्हणजे केसचा ओळख क्रमांक, टाकला आणि अख्खी कुंडली समोर आली. जज हजर, समोरचा हजर, आणि आमच्या नावापुढे ‘प्रतिवादीतर्फे कोणी हजर नाही’. एकदा नाही, ओळीने. वडिलांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि परत तेच वाचलं.

तर माझा प्रश्न साधा आहे. हा सीएनआर नंबर एकातरी शिबिरात कुणी शिकवलाय का? फी दिली तर पावती मागा हे शिकवलंय का? फी थकली म्हणून वकील पक्षकाराची फाईल अडवून ठेवू शकत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००० साली सांगितलंय, हे शिकवलंय का? वकिलाची तक्रार बार कौन्सिलकडे, म्हणजे वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे, करता येते हे? नाही. तिथे ‘आम्ही भारताचे लोक’पासून सुरू होतं आणि चहा-सामोशापाशी संपतं. दानधर्म करायचा पण स्वतःच्या धंद्याच्या उंबऱ्यापर्यंतच.

काळा_कोट
मीच तो वकील, नाव घेतलं नाहीत तरी कळलं. तुमच्या वकिलाने तारखा चुकवल्या हे वाईटच, पण त्याचं खापर माझ्या शिबिरावर का? रिक्षावाल्याने जास्त पैसे घेतले म्हणून ट्रॅफिक सप्ताह बंद करणार का?

आणि शिबिरात फक्त उद्देशिका असते हे कुणी सांगितलं तुम्हाला? विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्यातलं कलम १२ आम्ही दर वेळी सांगतो. बाई असेल, मूल असेल, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस असेल, कोठडीतला असेल तर वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. १५१०० हा हेल्पलाईन नंबर फळ्यावर लिहून देतो. लोकअदालतीत तडजोड झाली तर कोर्ट फी परत मिळते, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही म्हणून सही करताना विचार करा, हेही सांगतो. समोर ऐकायला कोण असतं? सोसायटीचे चार निवृत्त काका, त्यांना लिकेजवर सल्ला हवा असतो, तोही फुकट.

नाना_ठाकूरद्वार
ते वाटलेल्या पेनांवर नाव नि मोबाईल नंबर छापला होता का, तेवढं सांगा.

काळा_कोट
होता. मग? पेनं माझ्या पैशांची. नंबर छापला नसता तर मुलांनी मदत मागायची कुठे?

कसारा_लोकल
😂😂 बार कौन्सिलचा नियम ३६ जाहिरातीला मनाई करतो ना वकीलसाहेब? की आठवीतली पोरं पक्षकारात मोडत नाहीत?

काळा_कोट
हेच, हेच! आता ऐका. मी सोसायटीत उभा राहून सांगितलं की तुमचा वकील असं करत असेल तर तसं करा, तर लोक म्हणणार दुसऱ्याची केस पळवायला आला. उद्देशिका वाचली तर म्हणणार कोरडं प्रवचन. करायचं काय आम्ही? हाताला काम नसलेले वकील शिबिरं घेतात हे तुमचं आधीच ठरलेलं आहे. माझा रविवार जातो, बायको बोलते, आणि वर इथे तुमचं ऐकून घ्यायचं.

लालबागवाली
दोघं भांडत बसा, मी माझं सांगते. मला ना तुमची उद्देशिका कामाला आली ना सीएनआर. मुलीच्या अ‍ॅडमिशनला उत्पन्नाचा दाखला हवा होता. कचेरीच्या बाहेर छत्रीखाली बसलेला टायपिंगवाला म्हणाला, ताई, प्रतिज्ञापत्र पाचशेच्या स्टॅम्पवर लागतं, शंभरचा आता चालत नाही. पाचशे ते, वर टायपिंग, वर नोटरी, आणि घाईचे म्हणून वेगळे. दिले, काय करणार, शेवटची तारीख होती. आत गेले, खिडकीशी उभी राहिले तर आत भिंतीवर एक कागद, अर्धा कॅलेंडरच्या मागे दडलेला. मान वाकडी करून वाचला. सरकारी कामाच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, असा सरकारचाच कागद! मी बाईंना विचारलं तर म्हणाल्या, तुम्ही आणलाच आहे ना स्टॅम्प, मग राहू दे आता.

मला सांगा, एवढे वकील शहरात, त्यातला एक तरी त्या छत्रीच्या शेजारी उभा राहून ओरडला का की स्टॅम्प लागत नाही? तेवढं केलं असतं तरी मी त्यांना हार घातला असता.

परळकर
ताई, हे २००४ पासून आहे. १ जुलै २००४ चा आदेश. जात, उत्पन्न, रहिवास, राष्ट्रीयत्व या दाखल्यांसाठी आणि सरकारी ऑफिसात, कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला शुल्क माफ. ऑक्टोबर २०२४ ला शंभरचे पाचशे झाले ते इतर दस्तांसाठी, ही माफी तशीच राहिली. पण लोक धावले पाचशेचा घ्यायला.

कसारा_लोकल
म्हणजे वीस वर्षं लोक उगाच स्टॅम्प घेतायत?? माझा जातीचा दाखला, भावाचा, बहिणीचं नॉन क्रिमीलेअर, सगळं स्टॅम्पवर. वडिलांनी उसने पैसे घेतलेले एकदा. आता कुणाच्या गचांडीला धरू?

काळा_कोट
थोडं सबुरीने. सगळ्याच प्रतिज्ञापत्रांना माफी नाही. बँकेला द्यायचंय, सोसायटीत शेअर ट्रान्सफरला द्यायचंय, कुठल्या कंपनीला द्यायचंय, तिथे स्टॅम्प लागतो. अर्धवट वाचून लोक साधा कागद घेऊन जातात आणि परत येतात, मग आम्हालाच शिव्या.

लालबागवाली
मग हेच सांगा ना शिबिरात! कुठे लागतो, कुठे नाही. दोन ओळींचं काम. पण नाही सांगणार, कारण नोटरीच्या टेबलावर काळा कोटच बसलेला असतो.

काळा_कोट
ताई, मी नोटरी नाही. आणि नोटरीची फी वेगळी, स्टॅम्प वेगळा, स्टॅम्पचे पैसे सरकारकडे जातात, वकिलाकडे नाही. एवढं तरी समजून घ्या आणि मग बोला.

लालबागवाली
समजून घ्यायलाच बसलेय. तुम्ही शिकवता कुठे?

वसंत_चुनाभट्टी
मी मधे बोलतो. माझे मामा हयातभर कोर्टाच्या आवारात टायपिंग करत. उन्हात, पावसात, मशीन प्लास्टिकखाली. त्यांना चोर म्हणण्याआधी विचार करा. अर्ज कसा लिहायचा, कुठल्या खिडकीत द्यायचा, आज कोणता साहेब बसलाय, हे गरीब माणसाला फुकट कोण सांगायचं? मामा. वकिलाकडे पाय ठेवायची हिंमत नसलेली माणसं त्यांच्याकडे यायची. तुमच्या सगळ्या शिबिरांपेक्षा जास्त लोकांना कोर्ट त्यांनी समजावलं.

लालबागवाली
तुमच्या मामांना नमस्कार, पण माझे पाचशे गेले ते गेलेच.

वसंत_चुनाभट्टी
पाचशेवरून माणसाच्या पोटावर पाय देताय.

कसारा_लोकल
पोटावर पाय कुणी दिला भाऊ? ज्याच्याकडे फी भरायला पैसे नाहीत त्याच्याकडून लागत नसलेल्या कागदाचे पैसे काढले ते चालतं? मामा चांगले असतील, त्यांच्या शेजारचा चांगला होता का? काहीही बोलता.

वसंत_चुनाभट्टी
तोंड सांभाळून.

एडिसनकर
न्यू जर्सीहून लिहितोय, मूळ गिरगाव. इथे वकिलांनी करायच्या अशा लोकशिक्षणाच्या पैशाची व्यवस्था लावलेली आहे. वकिलाकडे पक्षकारांचे पैसे थोडे दिवस पडून असतात, ते एका सामायिक खात्यात ठेवतात आणि त्यावरचं व्याज वकिलाला नाही, पक्षकारालाही नाही, सार्वजनिक कामाला जातं. मोठा वाटा गरिबांच्या कोर्टकेसेसना, थोडा लोकशिक्षणाला. १९८१ ला फ्लोरिडात सुरू झालं, मग सगळीकडे पसरलं. २००३ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत भांडण गेलं, पाच विरुद्ध चार मतांनी टिकलं. राज्याच्या वकील संघटनेचं फाउंडेशन हायस्कूलच्या मुलांसाठी अभिरूप (लुटुपुटीच्या) खटल्यांची स्पर्धा घेतं, माझ्या मुलीने त्यात साक्षीदाराची भूमिका केली होती. १ मे ला लॉ डे असतो. आपल्याकडे असं काही का नाही?

कसारा_लोकल
आलं अमेरिकेचं पार्सल. १ मे ला आम्हाला महाराष्ट्र दिन असतो दादा.

परळकर
तुलना लंगडी आहे. तिथे ज्युरी आहे, म्हणजे निकाल द्यायला बसवलेले साधे नागरिक, सामान्य माणसाला उद्या बोलावणं येऊ शकतं, म्हणून शिकवावं लागतं. आपल्याकडे १९५९ ला नौदल अधिकारी नानावटीवरच्या खून खटल्यात मुंबईच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक निर्दोष म्हटलं, हायकोर्टाने ते फिरवलं, आणि पुढे ज्युरी गेलीच. आता आपण कोर्टात फक्त आरोपी, साक्षीदार किंवा भाडेकरू म्हणून जातो. पण पैशाचा मुद्दा बरोबर आहे. आपल्याकडे वकालतनाम्यावर, म्हणजे वकील नेमल्याच्या कागदावर, वेल्फेअर फंडाचं तिकीट लावतो, ते वकिलांच्याच कल्याणाला. पक्षकाराच्या शिक्षणाचं तिकीट कुठे?

काळा_कोट
तरुण वकील गावाकडून येतो, पहिली वर्षं सीनियर प्रवासखर्चापुरतं देतो. त्याचा अपघात झाला तर हाच फंड. त्यावरही डोळा?

मुलुंडची_बाई
मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते, म्हणून लिहितेय. एका वकीलबाईंनी आमची नववी कोर्टात नेली होती, पदरचे बसभाडे देऊन. फौजदारी कोर्ट कायद्यानेच खुलं असतं, बलात्कारासारख्या केसेस सोडल्या तर कुणीही मागे बसू शकतं, हे मलाही तेव्हाच कळलं. दाराशी हवालदाराने अडवलं, बाईंनी शांतपणे समजावलं, मग सोडलं. मुलं मागच्या बाकावर. पुकारा होतोय, दोन वकील उभे राहतायत, काहीतरी पुटपुटतायत, शिरस्तेदार लिहितोय, पुढचा पुकारा. अर्ध्या तासाने एका मुलाने माझ्या कानाशी विचारलं, बाई, केस कधी सुरू होणार? मी वकीलबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, अरे, आत्तापर्यंत नऊ झाल्या.

पुस्तकातल्या ‘न्यायमंडळ’ धड्याने माझ्या मुलांना जे कळलं नाही ते त्या अर्ध्या तासात कळलं. परत येताना त्यांनी बाईंना तारखा का पडतात ते इतकं विचारलं की त्या ठाण्याच्या पुढे जाईन पण तुमच्या शाळेत येणार नाही म्हणाल्या. आल्या पुढच्या वर्षी परत. पेनं नव्हती.

नाना_ठाकूरद्वार
असं असेल तर मी स्वतः सतरंज्या घालीन. त्या बाईंना माझा नमस्कार सांगा. पण या एक झाल्या, बाकीच्यांचं काय? आणि २०२४ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वकिलाविरुद्ध ग्राहक कोर्टात जाता येत नाही. डॉक्टर चुकला तर ग्राहक मंच, वकील चुकला तर वकिलांचीच कौन्सिल. मग पक्षकाराला शहाणं करण्याची जबाबदारी वकिलांवर दुप्पट आहे की नाही?

काळा_कोट
डॉक्टरच्या समोर दुसरा डॉक्टर उभा राहून ऑपरेशन बिघडवत नाही, आमच्यासमोर राहतो. हा फरक आहे, पण तुम्हाला पटणार नाही, सोडा.

बरं, झालं समाधान? पुढच्या शिबिरात सीएनआर घेतो. स्क्रीनवर दाखवतो, ज्यांना स्वतःची केस शोधायचीय त्यांनी तिथेच शोधावी. फीची पावती पण घेतो. माझ्या बारमधले तिघे बोलणं टाकतील, त्यांना नानांचा नंबर देईन. पेनं बंद.

नाना_ठाकूरद्वार
पेनं द्या हो, नंबर काढा आणि १५१०० छापा.

काळा_कोट
छापतो, महाराज.

लालबागवाली
आणि स्टॅम्पचं?

काळा_कोट
ताई, शिबिर दीड तासाचं असतं 🙏

लालबागवाली
बघा! मी म्हटलं नव्हतं?

सानपाडा_आई
सगळं वाचलं, डोकं गरगरलं. उद्या सकाळी मुलाच्या नॉन क्रिमीलेअरला जायचंय. स्टॅम्प पेपर घेऊ की नको, एवढं कुणीतरी सांगा.

परळकर
नको. साध्या कागदावर करा. २०१५ पासून बऱ्याच कामांना नुसतं स्वयंघोषणापत्र चालतं, तेही विचारा. नाही म्हणाले तर का नाही ते लेखी मागा.

लालबागवाली
लेखी कोण देतंय दादा. ताई, जाताना मला मेसेज करा, मी त्या भिंतीवरच्या कागदाचा फोटो काढून ठेवलाय, पाठवते.